सव्वाबारा ते चार

१

गुरुवारी दुपारी बाराला सहा मिनिटं कमी असताना चौऱ्याऐंशी खेळाडूंच्या फोनवर एकदमच एक यादी येऊन पडली. यादीत एकतीस नावं होती आणि प्रत्येक नावापुढे त्याला काढून टाकायचं कारण. ‘वय.’ ‘महाग.’ ‘मनगट गेलं.’ एकापुढे तर नुसतं ‘रडका’ असं लिहिलेलं.

आम्ही तेव्हा अंगणापलीकडच्या खाणावळीत वाटाण्याचं सूप खात होतो. गुरुवारी सूप आणि त्यामागून पॅनकेक, आमच्या ऑफिसात आठ वर्षांत याला कधी खंड पडला नाही. मी सुपात मोहरी कालवत होते तेवढ्यात एका क्लबवाल्याचा फोन वाजला, मग दुसऱ्याचा, आणि पाच मिनिटांत त्या खाणावळीत कुणाला कुणाचं ऐकू येईना.

मी इंगेर. व्हिडिओ गेमच्या सामन्यांची जी आमची लीग आहे, तिची मुख्य पंच. एकसष्ट वर्षांची बाई आणि हे काम, म्हणून लोक हसतात. हसू देत बापडे. वीस वर्षं मी या पोरांच्या खुर्च्यांमागे उभी राहून त्यांचे हात बघत आले आहे.

यादी काय होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या धंद्यात क्लब उघडतात आणि दोन वर्षांत बुडतात. कुणीतरी श्रीमंत येतो, पोरांना अव्वाच्या सव्वा पगार देतो, कंटाळला की निघून जातो आणि पोरं रस्त्यावर. हे थांबावं म्हणून मेल्करने, म्हणजे आमच्या लीगच्या संस्थापकाने, बारा क्लबांना एका टेबलावर आणलं होतं. पगाराला मर्यादा, कमाई सगळ्यांत सारखी वाटायची, आणि दहा वर्षं कुणी आपली जागा बाहेरच्याला विकायची नाही. या करारावर त्याच दिवशी चार वाजता सह्या व्हायच्या होत्या. मर्यादेत बसायचं तर काही खेळाडू सोडावे लागणार, म्हणून प्रत्येक क्लबाने आपापली नावं गुप्तपणे आम्हाला कळवली होती. सह्या झाल्यावर एकेकाला समोर बसवून, सहा महिन्यांचा पगार हातात देऊन सांगायचं ठरलं होतं.

आता ते सगळं फोनवर आलं होतं, ‘रडका’सकट. आणि ते आमच्या ऑफिसातल्या सिग्नेच्या कॉम्प्युटरवरून आलं होतं.

सामन्यात गडबड झाली की पंचाने आधी जागा बंद करायची असते. मी सूप तसंच टाकून अंगण ओलांडलं आणि सव्वाबाराला सिग्नेच्या खोलीत शिरले. टेबलावर नेहमीसारखी कुंड्यांची गर्दी. कॉम्प्युटर उघडाच; आमच्याकडे कुणीच बंद करत नाही. कीबोर्ड टेबलावर जवळजवळ उभा फिरवलेला होता, उजवं टोक पडद्याला टेकलेलं, डावं टोक टेबलाच्या कडेवर. पाठवलेल्या पत्रात एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, फक्त यादी जोडलेली. मी फोनवर फोटो काढला आणि दाराला कुलूप घातलं.

मागे वळले तर सिग्ने पळत येत होती. केस विस्कटलेले, हातात ओल्या कपड्यांची पिशवी.

“इंगेर, काय झालंय? सगळे माझ्याकडे असे का बघतायत?”

२

सिग्ने चोवीस वर्षांची. लीगचं सगळं पत्रलेखन, तारखा, हॉटेलं, भांडणं तीच सांभाळायची. स्वतः आयुष्यात एकही गेम खेळलेली नाही. यादी तिच्याकडे होती कारण सगळंच तिच्याकडे असायचं.

मी तिला किचनमध्ये बसवलं. “केलं असशील तर आत्ताच सांग,” मी म्हटलं. “चार वाजता बारा क्लबांसमोर ऐकण्यापेक्षा ते बरं.”

“मी कशाला करू?” ती म्हणाली. “मी तर इथे नव्हतेच. आमच्या इमारतीच्या धुलाईखोलीत कपडे टाकले होते, माझी वेळ साडेअकराला संपत होती आणि मी विसरले. सूप अर्धं टाकून पळाले.”

“कुणी बघितलं?”

“माझ्या इमारतीतल्या गुनवोरने बघितलं. चांगलंच बघितलं.”

दाराशी मेल्कर येऊन उभा राहिला होता. एकोणचाळीस वर्षांचा, पण चेहरा अजून पोरासारखाच. त्याने सिग्नेच्या खांद्यावर हात ठेवला. “सिग्ने, कुणी तुला खाणार नाहीये. पण तुझ्या मशीनवरून गेलंय गं. क्लबांना कुणीतरी द्यावंच लागेल.”

‘कुणीतरी द्यावंच लागेल.’ मला ते खटकलं. पण मी विषय बदलला.

“कॉम्प्युटर तपासणारा तज्ज्ञ?” मी विचारलं.

“सोमवारी येतोय. सोमवारपर्यंत लीग उरली तर.” तो खिडकीकडे बघत म्हणाला. “मी त्या वेळी अंगणात गारठत उभा होतो. ते परदेशी सट्टेवाले पुन्हा फोन करत होते, करार मोडला तर आख्खी लीग विकत घेतो म्हणून. त्यांना हाकलून आत येतो तर हे.”

सिग्ने मान खाली घालून रडत होती. मेल्करने तिच्यासमोर कागदी रुमाल ठेवला आणि गेला.

३

सिग्नेची इमारत रस्त्यापलीकडेच आहे. तळघरातल्या धुलाईखोलीच्या दारावर चिठ्ठी डकवलेली होती, अक्षर असं की कागद फाटायचा बाकी.

‘आज ११.५०. वेळ संपून वीस मिनिटं झाली तरी कपडे मशीनमध्येच! काही लोकांना वाटतं ही इमारत त्यांच्या बापाची आहे! – गुनवोर, तिसरा मजला.’

गुनवोरला शोधावं लागलं नाही. मी चिठ्ठी वाचतेय हे तिला वास आल्यासारखं कळलं आणि ती जिना उतरून आली.

“तू तिची कोण?” तिने विचारलं.

“ऑफिसातली. ती किती वाजता आली होती?”

“मी चिठ्ठी चिकटवत होते तेव्हाच आली महाराणी. मग मी तिला सोडते होय? मशीन कसं पुसायचं, जाळी कशी साफ करायची, सगळं करून घेतलं. माझी वेळ बाराची, आणि हिचं बारा-पाचला आवरलं! पाच मिनिटं माझी गेली.”

“म्हणजे अकरा-पन्नास ते बारा-पाच ती तुझ्यासमोर होती?”

“समोर म्हणजे? मी दारातच उभी होते. जाते कुठे?”

मला त्या खवट बाईला मिठी मारावीशी वाटली. यादी गेली ती अकरा चोपन्नला. पोरगी सुटली होती. मी चिठ्ठी मागितली तर म्हणते, “ती आठवडाभर इथेच राहणार.” मग मी चिठ्ठीचाच फोटो काढला.

ऑफिसात येऊन तो मेल्करला दाखवला आणि गुनवोरचं बोलणंही सांगितलं. त्याने तो शांतपणे वाचला आणि परत दिला.

“इंगेर, पत्र आधी लिहून ठेवून ठरलेल्या वेळी आपोआप पाठवता येतं. कुणालाही येतं ते. उलट सूप टाकून पळाली, शेजारणीसमोर बरोबर पंधरा मिनिटं उभी राहिली... क्लबवाले म्हणतील, हे तर आधीच ठरवलेलं.”

 पोरीचा एकुलता एक पुरावा त्याने दोन वाक्यांत तिच्यावरच उलटवला होता.

४

राहिले दोघे. त्या वेळी ऑफिसच्या इमारतीत किंवा आसपास असलेले आणि सूप न खाणारे.

पहिला नोआक. विशीतला, आमच्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक. खालच्या मजल्यावर अंतिम सामन्याच्या पोस्टरसाठी त्याचे फोटो चालले होते. यादीत तो अकरावा. ‘मनगट गेलं.’

तो जिन्यावर बसला होता, पोस्टरचा चकचकीत शर्ट अंगात तसाच.

“फोटोवाला म्हणाला, हस. आणि तेव्हाच मी फोनवर यादी बघितली,” तो म्हणाला. “तो फोटो पण आहे, बघायचाय?”

“त्याच्या आधी सुट्टी झाली होती ना?”

“दहा मिनिटं. मी वर आलो होतो असं म्हणायचंय का तुला? इंगेर, मला आधी कळलं असतं ना, तर पत्र पाठवत बसलो नसतो. सरळ जाऊन एकेकाच्या थोबाडीत मारली असती.” मग त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. “कुणाला माहीत होतं माझ्या मनगटाचं? फक्त डॉक्टरला आणि क्लबाला. आता माझ्या आजीलाही माहीत आहे.”

त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून त्याचा कीबोर्ड डोकावत होता. छोटासा, हाताच्या पंजाएवढा, बाजूचे आकडे नसलेला. हल्लीची पोरं असेच वापरतात आणि जीव गेला तरी दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नाहीत.

दुसरा सिक्स्टेन. जुना खेळाडू, आता एका क्लबाचा मालक. गेल्याच आठवड्यात टेबलावर मूठ आपटून ओरडला होता की असल्या भिकार करारावर मी सही करणार नाही.

“हो, ओरडलो होतो,” तो म्हणाला. “आणि काल मेल्करला फोन करून सांगितलं की करतो सही. बायकोने समजावलं. विचार तिला.”

“बाराच्या सुमाराला कुठे होतास?”

“तंबाखूची डबी आणायला. कोपऱ्यावरच्या दुकानात. पावती नाही, साक्षीदार नाही, फाशी द्यायची तर दे.” त्याने ओठाखाली पुडी सारली. “मला एक सांग, मी सही करणार हे मेल्करला काल रात्री कळलं. म्हणजे बाराच्या बारा झाले. बरोबर त्याच्या दुसऱ्या दिवशी हे फुटतं. कुणाला हवं होतं हे?”

त्याच्याकडे बघून मी म्हटलं, “तूच सांग.”

“मी काय सांगू? पोरांचे हात तू बघतेस.”

मी मोहरीचा वास येणारी बोटं पुसली आणि घड्याळात पाहिलं. तीन वाजले होते. वर किचनमध्ये सिग्ने अजून त्याच खुर्चीवर बसली होती, आणि क्लबवाले पाणी प्यायला आले तरी तिच्याकडे न बघता जात होते.

५

आता शाळेचं सांगायला हवं.

तेवीस वर्षांपूर्वी ऑरेब्रू गावातल्या एका शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. दिवे लावायचे, जिने पुसायचे, दारं बंद करायची, हेच माझं काम. शनिवारी काही पोरं एकत्र गेम खेळायला आपापले जाडजूड कॉम्प्युटर बाबागाडीत घालून यायची आणि ‘हॉल उघड ना’ म्हणून मागे लागायची. मी उघडायचे. मुख्याध्यापकांची बोलणी खायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उघडायचे. मेल्कर त्यातलाच, सोळाचा. बाप नव्हता, आई दोन नोकऱ्या करायची. माझ्या डब्यातला पाव त्याने इतक्या वेळा खाल्लाय की मी दोन डबे आणायला लागले.

सोळा पोरं आणि टेबलं सहा. एकेकाला वीतभर जागा. लांबलचक कीबोर्ड आडवा ठेवला की माऊस फिरवायला जागाच उरायची नाही, म्हणून पोरं कीबोर्ड उभा करायची. तशीच शिकली, तशीच मोठी झाली. पुढे भलीमोठी टेबलं मिळाली तरी त्या हॉलमधली पोरं खुर्चीवर बसली की आधी कीबोर्ड उभा करणार. आपण तसं करतो हे त्यांना ठाऊकही नसतं.

अपवाद फक्त सिक्स्टेन. तो दर शनिवारी पेप्सीचं खोकं देऊन भिंतीकडची शेवटची जागा पटकवायचा. तिथे हात पसरायला ऐसपैस जागा होती. त्याचा कीबोर्ड आजवर आडवाच राहिला आहे.

पावणेचारला मी कुलूप काढलं, सिग्नेचा कीबोर्ड सरळ केला आणि क्लबवाल्यांना बोलावलं. तिच्या खोलीला काचेची भिंत आहे. सगळे बाहेर गर्दी करून उभे राहिले. सिग्नेलाही उभं केलं.

“तज्ज्ञ सोमवारी येईल,” मी म्हटलं. “तोवर पंच मी आहे. तिघांनी एकेक करून इथे बसायचं, एक कोरं पत्र उघडायचं, त्याला कुठलाही कागद जोडायचा आणि मला पाठवायचं. बस्स.”

“हा काय पोरखेळ?” कुणीतरी म्हणालं.

“आपण पोटापाण्यासाठी करतो तोच,” मी म्हटलं.

नोआक बसला. कीबोर्डकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. कुंड्यांच्या मधे माऊस अडखळला तेव्हा एक कुंडी उचलून खाली ठेवली. चार वेळा टिचकी, पाठवलं, उठला.

सिक्स्टेन बसला. त्याने खुर्चीच उजवीकडे सरकवली, टेबलाच्या टोकाला, आणि काम केलं. “झालं, फाशी केव्हा?” म्हणत उठला.

“मेल्कर,” मी म्हटलं.

“मी कशाला?” तो हसला. “मी अंगणात होतो, सांगितलं ना.”

“तरीपण बस. माझ्यासाठी.”

तो बसला. त्याने उजव्या हाताने माऊस धरला आणि डाव्या हाताने, न बघता, कीबोर्डाचं टोक धरून तो उभा केला. उजवं टोक पडद्याला टेकलं. दोन टिचक्या मारल्या आणि मग काचेपलीकडे इतकी शांतता का झाली म्हणून त्याने वर बघितलं.

मी फोन त्याच्यासमोर धरला. सव्वाबाराचा फोटो.

“सिग्ने टाइप करते तेव्हा कीबोर्ड आडवा असतो,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “आणि आपोआप जाणारं पत्र कीबोर्ड उभा करत नाही. अकरा चोपन्नला या खुर्चीवर माणूस बसला होता. त्याला लिहायचं काहीच नव्हतं, नुसता माऊस चालवायचा होता, म्हणून त्याने कीबोर्ड बाजूला सारला. माझ्या हॉलमधल्या पोरांसारखा. त्या हॉलमधली दोनच पोरं आज इथे आहेत, आणि सिक्स्टेनला तुम्ही आत्ताच पाहिलंत.”

मेल्कर आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. नाही म्हणायचा प्रयत्न त्याने केला नाही, एवढं मात्र खरं.

“बारावा क्लब येईल असं मला वाटलंच नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. “सिक्स्टेन अडून बसेल, करार आपोआप मोडेल, सट्टेवाले येतील, असा हिशोब होता. मग काल त्याचा फोन आला.”

“आठ वर्षं तूच हा करार लिहिलास!” सिक्स्टेन ओरडला.

“हो, लिहिला! आणि त्यात लीग जगते, तुम्ही बारा जगता, पोरं जगतात. मी? मी त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत. माझं मनगट तर सत्ताविसाव्या वर्षीच गेलं, मला कुणी सहा महिन्यांचा पगार दिला? त्यांनी मला संचालकपद देऊ केलं. घर घेता आलं असतं.”

“आणि पोरीचं काय?” मी विचारलं.

“चोवीस वर्षांची आहे ती, इंगेर. तिला दुसरी नोकरी मिळाली असती.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात कुणा पोरावर हात उचलला नव्हता, त्याच्यावर उचलला. तो तसाच बसून राहिला, आणि मलाच रडू आलं.

६

सह्या झाल्या नाहीत. कशा होणार? पोरांनी अंतिम सामना खेळायला नकार दिला, क्लब एकमेकांवर ‘रडका’ कुणी लिहिलं म्हणून तुटून पडले, आणि सहा वाजेपर्यंत अंगणात फक्त टायरांच्या खुणा उरल्या. मेल्कर मागच्या दाराने गेला. सट्टेवाले लीग घेतील, आज ना उद्या. आता ती त्यांना स्वस्तात मिळेल.

सिग्नेची मात्र सगळ्यांनी माफी मागितली. जाताना एकेक जण तिला मिठी मारून गेला.

मी तिच्या खोलीत गेले तेव्हा ती कुंड्या खोक्यात भरत होती.

“राहा गं,” मी म्हटलं. “आता तुझ्यावर कुणाचा संशय नाही.”

“इंगेर, तुला कधी कळलं?”

मी खोटं बोलू शकले असते. पण दिवसभर पुष्कळ झालं होतं.

“सव्वाबाराला. दारातून कीबोर्ड बघितला तेव्हाच.”

तिने हातातली कुंडी खाली ठेवली. “मग धुलाईखोली, गुनवोर, नोआक, सिक्स्टेन...”

“दुसरं कुणीतरी असावं म्हणून शोधत होते. कुणीही चाललं असतं.”

“मीसुद्धा?”

 पहिला प्रश्न मी तिलाच विचारला होता.

“किचनमधून मी आईला फोन केला,” सिग्ने म्हणाली. “तिला म्हटलं, मी नाही केलं. ती म्हणाली, नक्की ना? दोनदा विचारलं तिने. माझी आई. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तिला तेव्हाच सांगितलं असतं.”

“ते पोर माझ्या डब्यातलं खाऊन वाढलंय, सिग्ने.”

“मग मी काय करू?”

तिने खोकं उचललं. मी दार धरायला पुढे झाले, पण तिने ते खांद्याने ढकललं आणि जिना उतरून गेली. एक कुंडी टेबलावर राहिली होती. मी खिडकीतून हाक मारली, तिला ऐकू गेलं असणार, कारण ती क्षणभर थांबली आणि मग रस्ता ओलांडून निघून गेली.